पिकतं तिथंच खेळवायचं असेल तर

२०१४ ते २०१८ अशी सलग ५ वर्षं चेल्सीच्या पोरांनी एफए यूथ कप जिंकला. इंग्लंडमधली १८ वर्षांखालच्या मुलांची ही सर्वांत मानाची स्पर्धा. इतकी तयार पोरं हाताशी असूनही त्या ५ वर्षांत अकादमीतून वर येऊन मुख्य संघात पाय रोवलेले खेळाडू मोजायला एका हाताची बोटं पुरून उरली असती. दर उन्हाळ्यात नवा महागडा खेळाडू दाखल व्हायचा आणि घरची पोरं बॅग भरून लोनवर निघायची. कुणी ब्रिस्टलला, कुणी हलला, कुणी थेट हॉलंडला. एका वेळी चाळिशीच्या आसपास खेळाडू असे बाहेर असायचे. पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण लंडनलाही लागू पडत होती.

मग फेब्रुवारी २०१९मध्ये फिफाने चेल्सीवर नवे खेळाडू घेण्याची बंदी घातली. अल्पवयीन परदेशी खेळाडूंच्या नोंदणीत नियम मोडल्याची ही शिक्षा होती. त्याच उन्हाळ्यात एडन हझार्ड रेआल माद्रिदला गेला. आधी ठरलेले व्यवहार सोडले तर नवा कुणी आणायची सोय उरली नव्हती. नवे प्रशिक्षक फ्रँक लॅम्पार्ड यांनी लोनवरून परतलेल्या पोरांकडे मोर्चा वळवला. मेसन माउंट त्या हंगामात लीगचे ३७ सामने खेळला. टॅमी अब्राहमने लीगमध्ये १५ गोल केले. रीस जेम्स, फिकायो टोमोरी हेही आत आले. संघ चौथा आला. मे २०२१मध्ये पोर्तोला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात माउंट आणि जेम्स सुरुवातीपासून मैदानात होते, आणि हावर्ट्झच्या एकमेव विजयी गोलसाठीचा पास माउंटचाच होता.

पोरं तीच होती, अकादमी तीच होती. फक्त बाजार बंद झाला होता.

तरुणांना संधी द्यायला धाडसी प्रशिक्षक लागतो, असं म्हणायची पद्धत आहे. धाडस लागतंच, पण ते पुढचं. मुलगा शनिवारी खेळणार की नाही, हे बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी, हंगामाची यादी तयार होताना ठरून गेलेलं असतं. म्हणून कोल्हापूरच्या एखाद्या तालमीचा फुटबॉल संघ चालवणारे कार्यकर्ते असोत, गोव्यातल्या गावच्या क्लबचे सचिव असोत, नाहीतर पुण्या-मुंबईत अकादमीबरोबर सीनियर संघ उतरवणारे संचालक असोत, त्यांनी पहिलं काम कागदावर करावं.

काम साधं आहे. मैदानावरच्या ११ जागा एका कोऱ्या कागदावर मांडा. प्रत्येक जागेसमोर पहिलं नाव लिहा, मग दुसरं. जिथे दुसरं नाव सुचत नाही तिथे लगेच बाहेरचा माणूस शोधू नका. आधी आपल्या १९ वर्षांखालच्या संघाची यादी शेजारी ठेवा आणि त्यातलं नाव पेन्सिलीने तिथे लिहा. वर्षभर ही जागा बाहेरून भरायची नाही, असं कमिटीत ठरवून टाका, आणि ते इतिवृत्तात नोंदवा. नोंद का, तर तिसरा सामना हरल्यावर कुणीतरी उठून ‘एक माणूस आहे माझ्या ओळखीत’ म्हणणारच. ११पैकी अशा २ जागा पुष्कळ झाल्या. ५ जागा ठेवल्या तर संघ कोसळेल आणि त्याचं खापर पोरांच्याच डोक्यावर फुटेल.

स्पेनमधल्या ॲथलेटिक बिल्बाओने हे काम शंभर वर्षांपूर्वीच उरकून टाकलं. बास्क प्रदेशात जन्मलेला किंवा तिथल्या क्लबांत घडलेला खेळाडूच घ्यायचा, हा त्यांचा दंडक १९१२च्या सुमारापासून चालत आला आहे. तरी हा क्लब पहिल्या श्रेणीतून एकदाही खाली उतरलेला नाही. अशी कामगिरी स्पेनमध्ये त्यांच्याखेरीज फक्त रेआल माद्रिद आणि बार्सिलोनाची. एप्रिल २०२४मध्ये त्यांनी ४० वर्षांनी कोपा देल रे जिंकला. लेझामा इथल्या त्यांच्या अकादमीतला मुलगा जाणतो की आपल्या जागेवर उद्या ब्राझीलहून कुणी येऊन बसणार नाही. मुलांची चिकाटी, पालकांचा विश्वास, प्रशिक्षकांची मेहनत, सगळ्याला त्यामुळे धार येते. इतका कडक नियम दुसऱ्या कुणी लावावा असं नाही. पण मुलाला आपल्यापुढे वाट दिसली पाहिजे, एवढं तिथून उचलण्यासारखं आहे.

जागा रिकामी केली की पोरं आपोआप उभी राहतात, असंही समजू नये. मँचेस्टर युनायटेडचं १९९५चं उदाहरण या बाबतीत नेहमी अर्धंच सांगितलं जातं. पॉल इन्स, मार्क ह्यूज आणि आंद्रेई कान्चेल्स्कीस या तीन बड्या खेळाडूंना अलेक्स फर्ग्युसन यांनी त्या उन्हाळ्यात सोडलं आणि त्यांच्या जागी कुणालाही विकत घेतलं नाही. १९ ऑगस्टला पहिल्याच सामन्यात ॲस्टन व्हिलाकडून संघ ३-१ असा हरला. पोरासोरांच्या बळावर काही जिंकता येत नाही, असं टीव्हीवर ॲलन हॅन्सन यांनी सुनावलं. मेमध्ये लीग आणि एफए कप दोन्ही युनायटेडकडे होते. गोष्ट इथे संपते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, फर्ग्युसननी जुगार खेळला आणि लागला.

जुगार नव्हताच तो. डेव्हिड बेकहॅमचा हिशेब काढून बघा. मुख्य संघाकडून तो पहिल्यांदा उतरला सप्टेंबर १९९२मध्ये, ब्रायटनविरुद्ध लीग कपच्या सामन्यात, बदली खेळाडू म्हणून. तेव्हा तो १७ वर्षांचा होता. लीगमधला त्याचा पहिला सामना थेट एप्रिल १९९५चा, लीड्सविरुद्ध. म्हणजे मधे अडीच वर्षं गेली. या काळात तो राखीव संघात खेळला, १९९५च्या सुरुवातीला खालच्या श्रेणीतल्या प्रेस्टनकडे लोनवर गेला, तिथे ५ सामन्यांत २ गोल केले, त्यातला एक थेट कॉर्नरवरून. गॅरी नेव्हिलचंही तसंच. त्याचा पहिला सामनाही सप्टेंबर १९९२चा. सप्टेंबर १९९४मध्ये पोर्ट व्हेलविरुद्धच्या लीग कप सामन्यात फर्ग्युसननी या पोरांना मोठ्या संख्येने एकदम उतरवलं. तिकिटं काढून आलेले लोक चिडले, स्थानिक खासदारापर्यंत तक्रार गेली. पॉल स्कोल्सने पदार्पणातच २ गोल करून सामना जिंकून दिला. तीन वर्षं अशा छोट्या-छोट्या पायऱ्या चढल्यावर १९९५चा ऑगस्ट आला. टीव्हीवर बोलणाऱ्यांनी फक्त ऑगस्ट पाहिला.

यातून पहिली शिकवण वेळापत्रकाची. हंगाम सुरू होण्याआधीच सामन्यांची यादी घेऊन बसा आणि कोणत्या सामन्यांत पोरांना उतरवायचं यावर खूण करा. गटातले सुरुवातीचे सामने, कपच्या पहिल्या फेऱ्या, दुबळ्या संघाविरुद्धचे घरच्या मैदानावरचे सामने. कोल्हापुरात कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची (केएसए) लीग आणि त्यानंतरच्या बक्षिसाच्या स्पर्धा यांत फरक करायला वाव आहे. शाहू स्टेडियम खचाखच भरलेलं, पेठेची इज्जत पणाला लागलेली, समोर परंपरागत प्रतिस्पर्धी, अशा दिवशी १७ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा मैदानात ढकलणं हे संधी देणं नव्हे. त्याला तो दिवस बाकावरून बघू द्या. पुढच्या वर्षी खेळवा.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. व्हिलाविरुद्ध हरलेल्या त्या संघात पोरांच्या मागे गोलमध्ये पीटर श्मायकेल होता, बचावात डेनिस आयर्विन आणि गॅरी पॅलिस्टर होते, मधल्या फळीत रॉय कीन होता. स्टीव्ह ब्रूस आणि निलंबन संपवून एरिक कॅन्टोना नंतर परतले. नवशिक्याच्या दोन्ही बाजूंना चार हंगाम पचवलेली माणसं हवीत. उजव्या बाजूला पोरगा विंगर असेल तर त्याच्या मागचा राइट बॅक तिशीचा असू द्या. नवखा सेंटर बॅक आणि नवखा गोलकीपर एकाच सामन्यात उतरवू नका.

सगळीच पोरं एकत्र उतरवली की काय होतं, ते भारताने पाहिलं आहे. २०१७च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात खेळलेल्या मुलांना घेऊन अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ‘इंडियन ॲरोज’ संघ पुन्हा उभा केला आणि आय-लीगमध्ये उतरवला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यातलाच. पोरांनी जीव तोडून मेहनत केली, अनुभवही मिळाला, पण २०१७-१८च्या हंगामात संघ तळाला राहिला. खाली उतरवण्याच्या नियमातून त्यांना सूट होती म्हणून बरं. कुणाच्या क्लबाला अशी सूट नसते. शिवाय चूक झाल्यावर मैदानातच खांद्यावर हात ठेवणारा दादा नसेल तर शिकणं अर्धंच राहतं.

बाकाचा उपयोग करायला आपल्याकडचे प्रशिक्षक फारसे राजी नसतात. बाकावर मुलगा बसवला म्हणजे एक जागा वाया गेली, अशी समजूत आहे. मार्कस रॅशफर्डचं नाव यासाठी लक्षात ठेवावं. २५ फेब्रुवारी २०१६ला मिट्यूलानविरुद्धच्या युरोपा लीग सामन्याआधी सराव करताना अँथनी मार्शल जखमी झाला आणि १८ वर्षांच्या रॅशफर्डला आयत्या वेळी खेळवावं लागलं. त्याने २ गोल केले. तीन दिवसांनी आर्सेनलविरुद्ध आणखी २. नशिबाची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते. पण तो त्या संध्याकाळी मैदानावर हजर होता, कारण आधीच संघाबरोबर नेला होता. त्याच्या काही महिने आधीही त्याला न खेळवता बाकावर बसवलेलं होतं. ड्रेसिंग रूम, सामन्याआधीची बैठक, मोठ्यांची बोलणी, सगळं ओळखीचं झालेलं होतं.

आता तर २०२२पासून एका सामन्यात ५ बदल करण्याची मुभा नियमांतच कायमची आली आहे. ३ बदलांच्या काळात प्रशिक्षकाला कंजुषी करणं भाग होतं. ५मधला एक बदल घरच्या पोरासाठी राखून ठेवायला आता कारणं देता येणार नाहीत. कितव्या मिनिटाला, हा मात्र विचार करण्याचा भाग आहे. पहिल्या वेळी शेवटची आठ-दहा मिनिटं पुरतात. लिओनेल मेस्सीलाही ऑक्टोबर २००४मध्ये एस्पान्योलविरुद्धच्या लीगच्या पहिल्या सामन्यात ८२व्या मिनिटालाच उतरवलं होतं, आणि त्या पूर्ण हंगामात तो लीगचे जेमतेम ७ सामने खेळला. पण हीच आठ मिनिटं वर्षभर चालली तर तो देखावा होतो. संघ ४-० पुढे असताना ८८व्या मिनिटाला उतरलेल्या मुलाला चेंडू दोनदा मिळतो, त्यातून प्रशिक्षकालाही काही कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याला साठाव्या मिनिटाला, १-१ चालू असताना उतरवा.

यासाठी एक वही ठेवा. मुलाचं नाव, सामना, किती मिनिटं, कोणत्या जागेवर, त्या वेळी गुणफलक काय होता आणि शेजारी कोण खेळत होतं, एवढे सहा रकाने. दर महिन्याला बेरीज करा. तीन महिन्यांनी एखाद्याच्या नावासमोर ४० मिनिटं दिसली तर ‘आम्ही पोरांना संधी देतो’ हे वाक्य कमिटीने बोलणं बंद करावं. वर्षाला ९०० मिनिटं, म्हणजे १० पूर्ण सामन्यांइतका वेळ, ही सुरुवातीसाठी धरता येण्याजोगी रक्कम आहे.

जागेबाबत थोडं लवचीक राहावं लागतं, मुलालाही आणि प्रशिक्षकालाही. बुकायो साका आर्सेनलमध्ये विंगर म्हणून घडला. पण २०१९-२०मध्ये लेफ्ट बॅक जखमी झाले म्हणून त्याला तिथे खेळवलं, आणि त्या वाटेने तो संघात शिरला. क्रिस्टल पॅलेसचा आरन वान-बिसाका अकादमीत विंगर होता. त्याला राइट बॅक केलं, फेब्रुवारी २०१८मध्ये जखमी खेळाडूंची रांग लागली म्हणून टॉटनहॅमविरुद्ध उतरवलं, आणि सव्वा वर्षाने युनायटेडने त्याच्यासाठी ५ कोटी पौंडांच्या घरातली रक्कम मोजली. मैदानाच्या कडेला चूक झाली तर सावरायला वेळ मिळतो. गोलच्या तोंडाशी तो मिळत नाही. त्यामुळे गोलकीपर आणि सेंटर बॅक यांना थोडं उशिरा आणलेलं बरं. बार्सिलोनाचा पाऊ कुबार्सी १७व्या वर्षी सेंटर बॅक म्हणून स्थिरावला खरा, पण तसा मुलगा रोज सापडत नाही.

बार्सिलोनाचा विषय निघालाच आहे, तर तिथली यंत्रणा जवळून पाहण्यासारखी आहे. २५ नोव्हेंबर २०१२ला लेव्हान्तेविरुद्ध दानी आल्वेस जखमी होऊन बाहेर गेला, मार्टिन मोन्तोया आत आला आणि मैदानावरचे अकराच्या अकरा खेळाडू ला मासिया या अकादमीत घडलेले झाले. वाल्देस, पिके, पुयोल, आल्बा, चावी, बुस्केट्स, फाब्रेगास, इनिएस्ता, पेद्रो, मेस्सी आणि मोन्तोया. सामना ४-० जिंकला. याचं श्रेय अकादमीला जातंच. पण मधला दुवा म्हणजे ‘बार्सिलोना बी’ हा दुसरा संघ. पेप ग्वार्डिओला २००७-०८मध्ये याच बी संघाचे प्रशिक्षक होते. पुढच्या वर्षी मुख्य संघ हाती आल्यावर लीगचा पहिला सामना नुमान्सियाकडून हरले, तरी लीगच्या दुसऱ्या सामन्यात त्यांनी बुस्केट्स आणि पेद्रो यांना खेळवलं. तोही सामना बरोबरीत सुटला. लोकांच्या दृष्टीने दोन अनोळखी पोरं. ग्वार्डिओलांच्या दृष्टीने वर्षभर रोज सरावात पाहिलेले खेळाडू.

स्पेनमध्ये मोठ्या क्लबांचे बी संघ खालच्या श्रेणीत इतर क्लबांशी, म्हणजे घर चालवण्यासाठी खेळणाऱ्या मोठ्या माणसांशी भिडतात. इंग्लंडमध्ये २१ वर्षांखालचे संघ प्रामुख्याने आपसातच खेळतात, म्हणून तिथे लोनचं एवढं महत्त्व. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी सोय गोव्यात आहे. एफसी गोवाचा विकास संघ गोवा प्रो लीगमध्ये डेम्पो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स अशा जुन्याजाणत्या नावांविरुद्ध खेळतो, आणि सेव्हियर गामासारखा स्थानिक मुलगा त्या वाटेने आयएसएलपर्यंत गेला. लहान क्लबाला दुसरा संघ परवडत नसेल तर शेजारच्या छोट्या क्लबाशी बोलणी करून दोन मुलं हंगामभरासाठी तिथे द्यावीत. पण देताना तीन गोष्टी आधी ठरवून घ्या: मुलगा कोणत्या जागेवर खेळेल, साधारण किती सामने खेळेल, आणि दर महिन्याला त्याचा सामना बघायला आपला कोण जाईल. हे न विचारता दिलेला मुलगा तिथेही बाकावरच बसतो, आणि एक वर्ष फुकट जातं. चेल्सीच्या त्या फौजेतल्या कितीतरी जणांचं हेच झालं. माउंट मात्र फिटेसमध्ये आणि नंतर डर्बीत भरपूर खेळला, म्हणून परतला तेव्हा तयार होता.

संधी न देण्याइतकंच तिचं अजीर्ण होऊ देणंही वाईट. आन्सू फातीने ऑगस्ट २०१९मध्ये १६व्या वर्षी बार्सिलोनाकडून पदार्पण केलं. नोव्हेंबर २०२०मध्ये त्याच्या गुडघ्याच्या कूर्चेला इजा झाली आणि शस्त्रक्रियांचा फेरा मागे लागला. तो पुरता सावरतोय न सावरतोय तोच २०२१मध्ये मेस्सी गेल्यावर १० नंबरची जर्सी त्याच्या अंगावर चढवण्यात आली. त्यानंतर बार्सिलोनात तो पहिल्यासारखा कधी दिसला नाही. इजेला कुणा एकाला दोष देता येत नाही, पण त्या जर्सीची घाई टाळता आली असती. पेद्री बार्सिलोनात लास पाल्मासहून आलेला, घरचा नव्हे. तरी त्याचं २०२०-२१चं वर्ष प्रत्येक प्रशिक्षकाने भिंतीवर लावावं असं आहे. क्लब, युरो स्पर्धा, मग लगेच ऑलिंपिक मिळून १८ वर्षांचा हा मुलगा ७३ सामने खेळला. पुढच्या हंगामाचा मोठा भाग मांडीच्या दुखापतींत गेला.

आपल्याकडे सामन्यांची संख्या तेवढी नसते, पण चांगला मुलगा एकाच महिन्यात शाळेकडून, जिल्ह्याकडून, क्लबाकडून आणि रविवारी कुणाच्या तरी बक्षिसाच्या स्पर्धेत खेळतो. शिवाय कडक मैदान, उन्हाचा तडाखा आणि स्टडही झिजलेले. शाळेचे सर, जिल्ह्याचे निवडकर्ते आणि क्लबाचा प्रशिक्षक यांच्यापैकी कुणीच एकमेकांना विचारत नाही. तेव्हा सगळ्यांचे सामने एकाच वहीत लिहायचं काम क्लबानेच अंगावर घ्यावं. आठवड्याला दोनपेक्षा जास्त पूर्ण सामने दिसले की एकात त्याला बसवावं, आणि तसं शाळेला कळवावं.

चूक होणारच. हाताबाहेर गेलेला पास, पेनल्टी एरियात उशिरा टाकलेला पाय, रिकाम्या गोलसमोर बाहेर मारलेला चेंडू. चुकीनंतरचा सामना महत्त्वाचा असतो. जुलै २०२१मध्ये युरोच्या अंतिम सामन्यात १९ वर्षांच्या साकाची पेनल्टी अडली आणि त्याच्यावर वांशिक शिव्यांचा पाऊस पडला. आर्सेनलने त्याला नव्या हंगामात नेहमीसारखं खेळवलं. नऊ महिन्यांनी चेल्सीच्या मैदानावर शेवटच्या मिनिटांत मिळालेली पेनल्टी त्यानेच घेतली आणि गोल केला. आपल्या प्रशिक्षकांनी इथे एक पथ्य पाळावं. मुलाच्या चुकीमुळे गोल बसला तर त्याला पुढच्या पाच मिनिटांत बाहेर बोलावू नये. गॅलरीतल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळतो, आणि मुलाला तर सगळ्यात आधी. ठरलेल्या वेळी बदला, आणि पुढच्या सामन्यात निदान बाकावर तरी ठेवा.

कौतुकाचाही चटका बसतो. रायन गिग्जला फर्ग्युसननी विशीपर्यंत मुलाखती देऊ दिल्या नाहीत. आता प्रत्येकाच्या खिशात फोन असताना तेवढी राखण कुणाला जमणार नाही. पण क्लबाच्या स्वतःच्या पानावर १६ वर्षांच्या मुलाचं ‘अमक्या गावचा मेस्सी’ म्हणून पोस्टर टाकू नये, एवढं तरी हातात आहे.

पालकांसाठी दोन नावं. ऑक्टोबर २०१७मध्ये १७ वर्षांखालच्या विश्वचषकासाठी इंग्लंडचा संघ भारतात आला होता. त्यांचा उपांत्यपूर्व सामना मडगावजवळ फातोर्ड्यात झाला, अंतिम सामना कोलकात्यात. स्पेनला ५-२ हरवताना फिल फोडेनने २ गोल केले, स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडूही तोच. त्याच संघातला जेडन सँचो गटातले सामने खेळून क्लबाच्या बोलावण्यावरून परत गेला होता. दोघंही मँचेस्टर सिटीच्या अकादमीतले. सँचो दोनच महिन्यांपूर्वी सिटी सोडून डॉर्टमुंडला गेला होता, कारण त्याला लगेच खेळायचं होतं. फोडेन थांबला. सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरूनही त्या हंगामात त्याच्या वाट्याला लीगचे ५ सामने आले, आणि डाव्हिड सिल्वा २०२०मध्ये जाईपर्यंत तो आत-बाहेरच होता. सँचो इंग्लंडच्या मोठ्या संघाकडून २०१८मध्ये खेळला, फोडेन २०२०मध्ये. पुढे कुणाचं काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्यावरून ‘थांबावं’ किंवा ‘जावं’ असा निकाल काढणं घाईचं होईल. क्लबाकडे वेळापत्रक आहे का, हे पालकांनी विचारावं. फोडेनला रोज मुख्य संघाबरोबर सराव मिळत होता, ग्वार्डिओला त्याच्याविषयी जाहीरपणे बोलत होते. ‘बघू, पुढच्या वर्षी’ एवढंच उत्तर दोनदा मिळालं तर मुलाला दुसरीकडे नेण्यात काहीही गैर नाही, आणि क्लबाने त्यावर रागावू नये.

बहुतेक मुलं मुख्य संघापर्यंत पोचणारच नाहीत, हेही क्लबाने बोलावं. हंगाम संपता संपता, समोर बसवून, घरच्यांच्या उपस्थितीत. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून नाव काढून टाकणं ही कळवण्याची पद्धत नव्हे. क्रिस्टल पॅलेसने अकादमीतून बाहेर पडलेल्या मुलांसाठी ३ वर्षांचा पाठपुराव्याचा कार्यक्रमच ठेवला आहे. इथे निदान दहावी-बारावीची परीक्षा बुडणार नाही असे सराव, दुसऱ्या क्लबासाठी शिफारस आणि प्रशिक्षणाच्या किंवा पंचगिरीच्या परीक्षेची माहिती, एवढं विनाखर्चाचं आहे.

राहिला पैशाचा भाग, आणि तो क्लबांच्या लक्षातच नसतो. फिफाच्या नियमानुसार करार चालू असलेला खेळाडू रक्कम घेऊन एका देशातून दुसऱ्या देशात गेला, तर त्या रकमेचे ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. १२ ते १५ या वयात प्रत्येक हंगामाला पाव टक्का, १६ ते २३ या वयात अर्धा टक्का. म्हणजे एखाद्या गावच्या क्लबात ती पहिली चार वर्षं काढलेला मुलगा पुढे परदेशी क्लबाला १ कोटी रुपयांना गेला, तर १ लाख त्या गावच्या क्लबाचे. अर्थात मुलगा त्या हंगामांत आपल्याकडे नोंदलेला होता याचा पुरावा असेल तरच. तो पुरावा म्हणजे महासंघाच्या सीआरएस या नोंदणी यंत्रणेतली नोंद. बारा वर्षांच्या मुलाची नोंदणी कशाला, म्हणून ती टाळली जाते. जन्मदाखला, फोटो आणि पालकांची सही घेऊन हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात ती करून टाका, आणि दर वर्षीच्या नोंदीची छापील प्रत सचिवाच्या फायलीत ठेवा. सचिव बदलले की फाईलही नव्या सचिवाच्या हाती गेली पाहिजे.